फिरंगापासून पिशवीपर्यंत

पोर्तुगीज गोव्यात स्थिरावल्यानंतर सोळाव्या शतकात आपल्या वैद्यांसमोर एक अनोळखी रोग येऊन उभा राहिला. सुश्रुताने उपदंश सांगितला होता, चरक-सुश्रुतांनी वीस योनिव्यापदं, म्हणजे स्त्रियांच्या जननेंद्रियांचे विकार, सांगितली होती; पण हा रोग त्यांत बसेना. भावमिश्र या वैद्याने तो ओढूनताणून जुन्या चौकटीत कोंबला नाही. ‘भावप्रकाश’ या आपल्या ग्रंथात त्याने फिरंगरोगाला स्वतंत्र जागा दिली आणि तो फिरंग्यांच्या अंगसंगाने जडतो हे स्पष्ट लिहिलं. त्याचे बाह्य, आभ्यंतर आणि दोन्हींचा मिळून असे तीन प्रकार केले. नाक बसणं, हाडं झिजणं, वाकणं हे उपद्रवही नोंदवले. आजचा डॉक्टर हे वर्णन वाचून सिफिलिसच म्हणेल.

उपचारातही तीच हिंमत दिसते. त्याने रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार, वापरला. तो कणकेच्या गोळीत घालून, दाताला न लागू देता गिळायचा, म्हणजे तोंड सुजत नाही, ही सूचनाही दिली. औषध विषारी आहे याची त्याला जाण होती. दुसरं औषध चोपचिनी. हे चीनकडचं मूळ समुद्रमार्गाने आलेलं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथातही त्याची चर्चा आहे. परदेशी रोगावर परदेशी मुळी वापरताना भावमिश्राची परंपरा बाटली नाही.

त्या काळी युरोपातले वैद्यही पाराच देत होते, आणि रोग्यांचे दात पडत होते. १९१० मध्ये साल्व्हरसान हे औषध आलं. १९४३ मध्ये पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे दिसलं आणि पाऱ्याची गरज संपली. आज सुरुवातीच्या अवस्थेतल्या सिफिलिसला बेंझाथीन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन सहसा पुरतं. हे हाताशी असताना पाऱ्याच्या पुड्या देणारा माणूस भावमिश्राचा वारस नव्हे.

तरीही गरमी (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) यांवर ‘खात्रीशीर इलाज’ विकणाऱ्यांचा धंदा थांबलेला नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुप्तरोगांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे. धंदा चालतो तो लाजेवर. सरकारी दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने माणूस परगावच्या बंद खोलीतली पुडी विकत घेतो.

पुरुषाला निदान ती खोली तरी आहे. बीडच्या ऊसतोड बाईला तीही नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. फडावर न्हाणी नाही, पुरेसं पाणी नाही, आणि एक दिवस पडून राहिलं की खाड्याचा दंड. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. बाई सोसते आणि अगदीच असह्य झालं की दवाखाना गाठते. तिथे अनेकींना एकच तोड सांगितली गेली: पिशवी काढा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. 

पांढरं जाणं म्हणजे दरवेळी लैंगिक आजार नव्हे. कधी ते स्वाभाविक असतं, कधी बुरशीचा संसर्ग असतो, कधी नवऱ्याकडून आलेला परमा किंवा क्लॅमिडिया. तपासल्याशिवाय हे कळत नाही, आणि न तपासणं हाच तर आपला जुना रोग आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के.

चरकसंहितेच्या योनिव्यापद अध्यायात धावन, म्हणजे औषधी काढ्याने धुणं, आहे; पिचू, म्हणजे औषधात भिजवलेला बोळा, आहे; तांदळाच्या धुवणातून मधाबरोबर घ्यायचं पुष्यानुग चूर्ण आहे. बाईचं दुखणं नाव देऊन, प्रकार पाडून विचारात घेण्याजोगं आहे, हे त्या ग्रंथांनी मानलं. एवढा मान आपल्या काळात कित्येकींना मिळाला नाही. पण धावनाने परम्याचे जंतू मरतात असा पुरावा नाही. आणि एकट्या बाईवर उपचार करून नवऱ्याला सोडलं, तर ती पुन्हा त्याच संसर्गात सापडते.

म्हणून माझं मागणं वैद्यांकडेच आहे. ग्रामीण महाराष्ट्रात बाई पहिल्यांदा पोचते ती बहुधा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेद शिकलेल्या, डॉक्टरकडे. त्याने तिला नीट विचारावं, व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी) आणि एचआयव्हीच्या तपासणीला पाठवावं, नवऱ्याला बोलावून घ्यावं, आणि सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकचा पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यावा. तिथली तपासणी आणि औषधं मोफत आहेत, नाव गुप्त राहतं. १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांकही तिला द्यावा. भावमिश्राने आपल्या काळातलं सर्वांत नवं औषध स्वीकारलं होतं. त्याची परंपरा सांगणाऱ्यांनी तेवढं तरी करावं.