आपल्या पुढचा माणूस

गेल्या वैशाखात काही कामानिमित्त आम्हांस यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्यास जावे लागले व तेथे एका शिक्षक स्नेह्यांच्या घरी आमचा दोन दिवस मुक्काम झाला. त्यांचा धाकटा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेस बसला होता. लेखी परीक्षेत तो उतरला होता, भोपाळच्या निवड मंडळाने त्याची शिफारस केली होती, आणि लोकसेवा आयोगाच्या अंतिम यादीतही त्याचे नाव आले होते. एवढे ऐकल्यावर आम्ही साहजिकच पेढे मागितले. तेव्हा मुलाचे वडील कसेनुसे हसून म्हणाले, "नाव आले आहे खरे, पण फार खाली आहे. पुढचे काही गळाले, तर होईल."

रात्री अंगणात बाजा टाकून आम्ही सर्व बसलो असता मुलाच्या आजीने "गळाले म्हणजे काय?" असे विचारले. नातवाने समजावून सांगितले की, कोणी वैद्यकीय तपासणीत नापास होतो, कोणी इंजिनियरिंगकडे वळतो, कोणी ऐनवेळी जाण्याचे रहित करतो. मग त्याची जागा मागच्यास मिळते. म्हातारी थोडा वेळ स्वस्थ बसली व म्हणाली, "मंग त्याइची माय बी अशीच वाट पायत असन ना, बाबू?" यावर कोणीच काही बोलले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नास उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न होय.

ज्या वाचकांच्या घरी असा उमेदवार नाही, त्यांच्यासाठी ही रीत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. गणितास ३०० व सामान्य पात्रतेच्या पत्रिकेस ६०० असे तिचे ९०० गुण. आणि पुढे निवड मंडळाच्या मुलाखतीस पुन्हा तितकेच, म्हणजे ९०० गुण. लेखी निकालात उत्तीर्णांचे केवळ परीक्षा-क्रमांक छापले जातात. गुण कळत नाहीत. मंडळापुढे पाच दिवस काढल्यावर शेवटी छातीवरचा क्रमांक पुकारून शिफारस झाली की नाही एवढेच सांगतात. गुण तेव्हाही कळत नाहीत. अशा रीतीने मुलगा, आणि २०२२ पासून मुलगीही, कित्येक महिने आपण 'आत' आहोत की 'बाहेर' एवढेच जाणते. कोठे आहोत हे जाणत नाही. ते कळते अंतिम यादीच्या दिवशी. ही यादी गुणानुक्रमाने लावलेली असते. मात्र तिच्यात वैद्यकीय तपासणीचा निकाल हिशेबात धरलेला नसतो. प्रत्येक परीक्षेस जागा सुमारे ४००. आणि अलीकडच्या याद्यांत नावे त्याहून पुष्कळच अधिक. म्हणजे ज्या दिवशी उमेदवारास आपले स्थान कळते, त्याच दिवशी आपल्यापुढे नेमके किती जण आहेत आणि त्यांपैकी किती नाहीसे व्हावयास हवेत, हेही त्यास कळते.

या क्रमांकाविषयी तक्रार करण्यापूर्वी त्याचा उपकार मानला पाहिजे. १९१८ साली सॅण्डहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला अवघ्या १० जागा ठेवण्यात आल्या, तेव्हा घराण्याची प्रतिष्ठा आणि सरकारदरबारी असलेले वजन यांवाचून तेथे कोणाचा पाड लागत नसे. १९३२ साली डेहराडूनची अकादमी ४० छात्रांनिशी सुरू झाली व दार थोडे अधिक उघडले. १९४९ साली खडकवासल्यास प्रबोधिनीचा पाया घातला गेला. आणि आज दारव्ह्याच्या शिक्षकाचा मुलगा कोणाच्या चिठ्ठीवाचून, केवळ आपल्या गुणांवर त्या यादीत येतो. त्याच्या पुढे जो आहे तो जास्त गुण मिळवून आहे, वशिल्याने नव्हे, असे त्यास निःशंकपणे म्हणता येते. क्रमांक उघड असणे हे न्यायाचे लक्षण आहे. प्रश्न न्यायाचा नसून, न्यायाने लावलेल्या रांगेत उभे राहिल्यावर मनाचे काय होते, याचा आहे.

येथे एक व्यवहारी पक्ष असा मांडला जाईल की, यात नीतीचा प्रश्नच कोठे येतो? माझ्या इच्छेने कोणाची दृष्टी अधू होत नाही, की कोणाचा गुडघा वाकडा होत नाही. डॉक्टर तपासतात ते आपल्या नियमांनी. जागा रिकामी झाली तर ती कोणी तरी घेणारच. तेव्हा ती मला मिळावी असे वाटण्यात पाप कसले? या युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. जागेची इच्छा करणे आणि मनुष्याच्या पतनाची इच्छा करणे या दोन गोष्टी तर्काने वेगळ्या करता येतात, हे खरे. परंतु तर्कास जे वेगळे करता येते ते मनास वेगळे ठेवता येतेच असे नाही. जोपर्यंत पुढचे सर्व जण केवळ संख्या आहेत, तोपर्यंत ही वाटणी टिकते. त्या संख्येस एकदा चेहरा आला, की ती टिकत नाही.

आणि या उमेदवारांच्या बाबतीत तर चेहरे असतातच. भोपाळला ही मुले पाच दिवस एका छपराखाली राहतात, एका पंगतीस जेवतात. मैदानावर फळी आणि दोर देऊन, जमिनीस पाय न लावता अडथळा सर्वांनी मिळून ओलांडा असे त्यांस सांगतात. आणि परीक्षक दुरून पाहत असतात ते हेच की, आपण पार झाल्यावर मागच्यास हात कोण देतो. शिपाईगिरीच्या धंद्यात पुढचा पडला की मागच्याने त्याची जागा घ्यावयाची असते. पण ती दुःखाने, आणि त्याचे राहिलेले काम पुरे करण्यासाठी. येथे मात्र गणवेश अंगावर चढण्यापूर्वीच, पुढचा पडावा म्हणून वाट पाहण्याचा प्रसंग मुलावर येतो. यात कोणी दुष्ट नाही. जागा मोजक्या आणि लायक मुले अधिक, एवढीच गोष्ट. पण तिच्यामुळे जे शिक्षण मनास मिळते, ते मैदानावरील शिक्षणाच्या नेमके उलट असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आम्हांस बसस्टँडवर पोहोचवावयास आला. वाटेत तो होऊन बोलू लागला. भोपाळला त्याच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. शिफारस दोघांचीही झाली. परंतु पुढे वैद्यकीय तपासणीत तो मुलगा नाकारला गेला. अशा निकालावर अपील करता येते. अपील करू की नको, असे त्याने यास विचारले, व याने "अवश्य कर" असे सांगून त्याला धीर दिला. "तेव्हा यादी लागली नव्हती, काका," तो म्हणाला. "आता त्याचं नाव माझ्या वर आहे. अपिलात तो पास झाला. त्याचा फोन आला, मी अभिनंदन केलं, आणि रात्रभर झोप नाही लागली. त्यानं यादी लागल्यावर विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं, ते मला खरंच माहीत नाही."

आम्हांस वाटते, या प्रांजळ कबुलीत आजीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. क्रमांक कळण्यापूर्वी जो सल्ला सहज तोंडून गेला, तोच क्रमांक कळल्यावर जड झाला असता. म्हणजे 'मी कोठे आहे' हे ज्ञान निरुपद्रवी नव्हे. ते माणसास इतरांकडे पाहण्याची एक नवी दृष्टी देते, आणि ती दृष्टी नेहमीच चांगली असते असे नाही. म्हणून हे ज्ञान लपवून ठेवावे, असे मात्र कोणी म्हणू नये. लपवलेल्या यादीतून वशिला शिरतो, आणि अंधारात ठेवलेला मुलगा अधिकच तर्ककुतर्क करीत बसतो. किती नावांपर्यंत यादी सरकली व कधी थांबली, हे मुलांस जितके लवकर व स्पष्ट कळेल तितके बरे. कारण वाट पाहण्याचा काळ जितका लांबेल, तितकी ही वाईट आशा मनात मुरत जाते.

राहिला प्रश्न त्या मुलाच्या झोपेचा. मित्राच्या यशाने त्यास बोचले म्हणून तो हीन ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. इच्छा ही न बोलावता येते. तिला घरात पाट मांडून द्यावयाचा की नाही, एवढेच आपल्या हाती असते. त्याने अभिनंदन केले ते बोचत असताना केले, म्हणून ते खोटे ठरत नाही. उलट त्यास काही किंमत मोजावी लागली, एवढेच त्यावरून दिसते. आईबापांनी याच ठिकाणी जपले पाहिजे. "पुढचे किती गळाले?" हा प्रश्न घरात रोज विचारला गेला, तर मुलगा हळूहळू त्याच हिशेबात वाढतो. त्याऐवजी "तुझ्या बरोबरच्यांचे काय झाले?" असे विचारले, तर माहिती तीच मिळेल, पण पुढची मुले त्या घरात माणसे म्हणून राहतील.

यादी पुढे कोठवर सरकली व आमच्या स्नेह्यांच्या मुलास जागा मिळाली किंवा नाही, हे सांगणे या लेखाचे प्रयोजन नव्हे. बस सुटताना आम्ही त्यास इतकेच म्हणालो की, यादीपूर्वी जो सल्ला तू दिलास, तोच यादीनंतरही योग्य होता. तो पुन्हा देणे किती कठीण आहे हे मात्र तुला आता कळले आहे, आणि जो पुढे दुसऱ्यांचा नायक होऊ इच्छितो त्याने हे लवकर शिकलेले बरे. त्याने मान हलविली. त्याचे समाधान झाले किंवा नाही, हे आम्हांस सांगता येत नाही.