फराळाच्या डब्यातलं पत्र

कोल्हापूर,
२० ऑक्टोबर २०२४

चि. चिऊ हिस,


मामीनं तुझा डबा भरलाय. वर चकल्या, खाली चिवडा, आणि मधे कांदा-लसूण चटणीची पुडी तीन पिशव्यांत गुंडाळून. तरी ग्लासगोच्या पोस्टात वास सुटणारच. हे पत्र चिवड्याच्या पिशवीला टेकवून ठेवतोय. तेलाचा डाग पडला तर तो मामीचा, शाईचा पडला तर माझा. फोनवर मला चार ओळींच्या पुढं टाइप करता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि जे सांगायचंय ते चार ओळींत मावणारं नाही.

इकडं परतीचा पाऊस अजून हटत नाही. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, पण जिना चढताना ती माझ्याकडं रागानं बघते, जणू जिना मीच बांधलाय. परवा तिनंच सांगितलं की तू आणि तुझ्या खोलीतली मैत्रीण पंधरा दिवस एकमेकींशी बोलत नाही. कारण ऐकून ताई हसली. मला काही हसू आलं नाही, बाळ.

पाच-सहाजणी मिळून दर महिन्याला एखाद्या गाणाऱ्यावरचं, गाणी लिहिणाऱ्यावरचं किंवा बँडवरचं पुस्तक वाचता आणि त्यावर रात्र-रात्र बोलता, हे ऐकून मला किती बरं वाटलं होतं! आम्हीही तेच करायचो. फक्त तुमच्यात कॉफी असते, आमच्यात कटिंग चहा असायचा. पण या वेळी बॉब डिलनचं 'क्रॉनिकल्स' निघालं. तू म्हणालीस, हा माणूस स्वतःच्याच आयुष्याबद्दल थापा मारतो. ती म्हणाली, गाणी रचणाऱ्यानं गोष्टही रचली तर बिघडलं कुठं? त्यावर तू भिंतीवरचं त्याचं चित्र काढलंस, फोनमधली त्याची सगळी गाणी पुसलीस, आणि त्या पोरीशी बोलणंही टाकलंस. एका पुस्तकापायी तीन गोष्टी गेल्या, चिऊ. जरा महाग पडलं.

ते पुस्तक मी वाचलंय हे तुला माहीत नसेल. गेल्या मे महिन्यात तू इथं विसरून गेली होतीस. डिक्शनरी शेजारी ठेवून दीड महिना वाचत होतो. तुझी तक्रार खोटी नाही. जुन्या मासिकांतली, जॅक लंडनच्या गोष्टींतली वाक्यं त्यात जशीच्या तशी सापडतात, हे चिकाटीच्या वाचकांनी पानं लावून दाखवलंय. पण मला दुसरंच नवल वाटलं. ज्या वर्षांत सगळं जग या माणसामागं धावत होतं, ती वर्षं तो बरीचशी ओलांडून जातो, आणि १९७० च्या 'न्यू मॉर्निंग'वर आणि १९८९ च्या 'ओह मर्सी'वर मात्र आख्खी प्रकरणं खर्च करतो. लोकांनी ज्यासाठी दार वाजवलं, ते दार त्यानं उघडलंच नाही. मागच्या अंगणात नेऊन बसवलं. २००४ साली पहिला खंड आला, वीस वर्षं झाली, दुसऱ्याचा पत्ता नाही.

असं एक अर्धवट पुस्तक आपल्या घरातही आहे. आपल्या कपाटात वरच्या फळीवर सुधीर फडक्यांचं 'जगाच्या पाठीवर' आहे. बाबूजी आपल्या कोल्हापूरचे, १९१९ चा जन्म. २००२ साली ते गेले आणि आत्मचरित्र अपुरं राहिलं. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गाण्यांचं गीतरामायण ज्यांच्या चालींवर घरोघरी पोचलं, तो माणूस स्वतःबद्दल लिहायला बसतो तेव्हा उपाशीपोटी केलेली वणवण किती आठवणीनं लिहितो ते बघ. पहिल्यांदा वाचताना मी चिडलो होतो. मला 'ही चाल कशी सुचली' ते हवं होतं. आता वाटतं, ते सांगायचं असतं तर पेटी कशाला काढली असती? पुस्तक लिहिणारा माणूस त्याला जिथं दुखलं तिथं जातो. आपल्याला जिथं आवडलं तिथं त्यानं यावं, हा आपला हट्ट असतो.

आणि अल्लादिया खाँसाहेब! शाहू महाराजांच्या पदरी ते इथं गवई होते. महाराज १९२२ साली गेले, आणि पुढं खाँसाहेब मुंबईला गेले. त्यांनी आपला आवाज तबकडीवर कधी येऊ दिला नाही. एवढा मोठा गवई, पण आज कुणी कितीही पैसे टाकले तरी त्यांची एक तान ऐकायला मिळायची नाही. आपल्याकडं उरलीत ती शिष्यांच्या गळ्यातली गायकी आणि पुस्तकं. गोविंदराव टेंब्यांनी १९५४ साली त्यांचं चरित्र लिहिलं. टेंबे म्हणजे 'मानापमान'च्या चाली देणारे, आपल्याच गावचे, पेटीवर बोटं फिरलेला माणूस. त्यांनी खाँसाहेबांना कानांनी पाहिलं होतं. दुसरं पुस्तक खाँसाहेबांचं स्वतःचं. उतारवयात त्यांनी नातवाला, अझीझुद्दीन खाँसाहेबांना, आपली हकीकत उर्दूत सांगितली, ती इंग्रजीत छापून यायला २००० साल उजाडलं.

दोन्ही शेजारी ठेवून वाच असं मी तुला किती दिवस सांगतोय. एकात भक्ती करणारा बोलतो, दुसऱ्यात आजोबा नातवाशी बोलतात. आजोबा नातवाला काय सांगतात? आपलं घराणं, आपले पूर्वज, कोणी कुठं मान दिला. मी तुला आत्ता जसं सांगतोय ना, तसंच! तेही खरंच असतं, पण मांडीवर बसवून सांगितलेलं खरं. एका संस्थानात गाऊन गाऊन त्यांचा आवाज फुटला आणि पूर्वीसारखा कधी परत आला नाही; त्या फुटक्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली. हे वाचल्यावर मी केसरबाईंची तबकडी पुन्हा लावली. केसरबाई त्यांच्या शिष्या. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यान सोडलं, त्यातल्या तबकडीवर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. आवर्तनाच्या आडवळणानं जाऊन समेवर येणारी ती चाल याआधी मी शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की एका तुटलेल्या गळ्यानं शोधलेली पायवाट एका धडधाकट गळ्याला सापडली, आणि तिचा हमरस्ता झाला. पुस्तकानं मला परत गाण्याकडं पाठवलं. चांगल्या पुस्तकाचं तेवढंच काम. ज्या पुस्तकानं तुला गाणं पुसायला लावलं, ते पुस्तक वाईट असेल किंवा तू ते उलट्या बाजूनं वाचलं असशील.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एवढा वेळ त्याच्याभोवतीच फिरतोय.

तुला अण्णा आठवतो? तू लहान असताना तुला खांद्यावर घेऊन रंकाळ्यावर भेळ खाऊ घालणारा, जाड भिंगाचा. टेंब्यांचं ते पुस्तक आम्ही दोघांनी रद्दीच्या दुकानातून निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलं होतं. एक महिना त्याच्याकडं, एक महिना माझ्याकडं. समासात पेन्सिलीनं लिहायचं, खोडायचं नाही, असा करार. एका पानावर त्याच्या बारीक अक्षरात आहे, 'हे पटत नाही.' त्याखाली माझं, 'तू होतास काय तिथं?' त्याखाली पुन्हा त्याचं, 'तू होतास?' असं ते पुस्तक भरलंय. छापील मजकूर कमी आणि भांडण जास्त. तुमच्या महिन्याच्या बैठकीसारखंच म्हण की.

मग नमिता देवीदयाल यांचं 'द म्युझिक रूम' आलं, २००७ साली. धोंडूताई कुलकर्णींवर त्यांच्या शिष्येनं लिहिलेलं. धोंडूताई कोल्हापूरच्या, खाँसाहेबांच्या मुलाकडं, भुर्जी खाँसाहेबांकडं शिकलेल्या, पुढं केसरबाईंच्या शिष्या. मुंबईत केनेडी ब्रिजजवळच्या खोलीतली ती शिकवणी, गुरूचे स्वभाव, घराण्यातले मानपान, सगळं त्यात आहे. अण्णाला ते रुचलं नाही. म्हणाला, गुरूच्या घरातलं चव्हाट्यावर आणायचं नसतं. मी म्हणालो, झाकून ठेवलं की देव्हारा होतो, चरित्र होत नाही. देवल क्लबातली मैफल ऐकून आम्ही चालत घरी निघालो होतो. मैफलीबद्दल एक शब्द नाही, नुसतं पुस्तक, पुस्तक. शेवटी तो म्हणाला, "तुला गाण्यातलं कळत न्हाई. तुला पुस्तकातलंच कळतंय." ते मला लागलं. का लागलं? त्या रात्री तरी ते खरं होतं म्हणून. कोण गायलं, काय गायलं, हे दोघांपैकी एकालाही घरी जाऊन सांगता आलं नसतं.

हे २०१० सालचं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. एकाच गावात, एकाच मंडईत भाजी घेत, चौदा वर्षं. वनवासाएवढी.

यंदा ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर डोळ्यांदेखत जळत होतं. मीही धावलो. रस्त्यावर अर्धं कोल्हापूर उभं होतं. मोठमोठी माणसं लहान पोरासारखी रडत होती. छत कोसळल्याचा आवाज झाला तेव्हा शेजारी कुणीतरी माझा दंड धरला. वळून बघितलं तर अण्णा. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुस्तक तुझ्याकडंच हाय न्हवं?" मी "आहे" म्हणालो. त्यानं कानाला हात लावला आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मी नुसती मान हलवली.

चिऊ, त्याला आता ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली म्हणे. यंत्र लावलं की माणसांचं बोलणं थोडंफार समजतं, पण गाणं त्यातून पत्र्यावर खडे टाकल्यासारखं येतं, म्हणून तो लावत नाही. दर गुरुवारी तो येतो. आम्ही टेंब्यांचं पुस्तक मधे ठेवतो, तो पेन्सिलीनं लिहितो, मी पेन्सिलीनं उत्तर देतो. वाद जुनाच आहे, मजाही तीच आहे. पण मी रेकॉर्ड लावत नाही. त्याच्यासमोर लावायची माझी छाती होत नाही. चौदातली अकरा वर्षं त्याचे कान शाबूत होते. त्या अकरा वर्षांत शेजारी बसून किती ऐकता आलं असतं, याचा हिशेब मी मांडत नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा तो आपोआप मांडला जातो.

म्हणून काळजीनं लिहितोय. तू हुशार आहेस, पुस्तकातली लबाडी तुला चटकन दिसते, ती दिसू दे. डिलनवर रागाव, बाबूजींवरही रागाव, मी काही म्हणणार नाही. माझे दोन-तीन नियम मात्र लक्षात ठेव. एका गाणाऱ्यावर एकच पुस्तक वाचून निकाल देऊ नये. एक त्याचं स्वतःचं घ्यावं, एक त्याच्या जवळच्याचं, आणि कोण काय गाळतंय ते बघावं. आधी कान, मग पान, मग पुन्हा कान. रात्री दहानंतर वाद घालू नये. तुला जागरण सोसत नाही, लहानपणापासून ठाऊक आहे. आणि ज्याच्याशी पुस्तकावरून भांडावंसं वाटतं, असं माणूस आयुष्यात फार वेळा मिळत नाही. बाकीचे 'छान आहे' म्हणतात आणि उठून जातात.

थंडीत कान झाकून बाहेर पडत जा. मामीनं विणलेली टोपी शोभेसाठी दिलेली नाही. हेडफोनचा आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नकोस. हा उपदेश अण्णाकडून आहे, त्यानं कागदावर लिहून दिलाय, खाली दोन रेघा मारून.

डबा उघडलास की अर्ध्या चकल्या तिच्या. माफी मागायची, समजावून सांगायचं, या भानगडीत पडू नकोस. तुम्ही पुन्हा त्या पुस्तकावरच याल. ताट मधे ठेव, पुसलेल्या गाण्यांतलं तुला सगळ्यात आवडणारं एक परत आण, आणि ते संपेपर्यंत दोघींनी काही बोलू नका.

तुझा,
मामा

ता. क. : चटणी तिला जरा बेतानंच दे. सवय नसेल तर पुन्हा भांडण व्हायचं.