जात्याला सांगितलेलं

मनातलं दुःख आपल्या माणसांना न सांगता परक्याला सांगणं, हा आपल्या माणसांचा अपमान असतो का?

प्रश्न पुस्तकी वाटेल, पण आमच्या घरात तो खराखुरा उभा राहिला. मी मुळशी तालुक्यातल्या भरे गावची. रोज बसने पुण्याला कॉलेजला जाते. गेल्या वर्षापासून दर गुरुवारी कॉलेजच्या काउन्सेलरकडे जायला लागले. यायला उशीर का होतो, हे आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आणि आम्ही काय मेलो होतो?”

तिच्या बोलण्यात राग कमी होता, दुखावलेपण जास्त होतं. ‘जुन्या लोकांना यातलं कळत नाही’ असं म्हणून ते उडवून लावणं मला पटत नाही. तिचा प्रश्न नैतिक आहे. जिने माझ्या आजारपणात रात्री जागून काढल्या, तिला माझं दुःख कळण्याचा पहिला हक्क नको?

हक्क आहे. पण माया असली म्हणजे ऐकता येतंच असं नाही. “मला सकाळी उठावंसंच वाटत नाही,” असं मी आईला म्हटलं की तिचा चेहरा पडतो. मग माझं बाजूला राहतं आणि मीच तिची समजूत काढत बसते. बाबा लगेच उपाय सांगतात, कारण मुलीचं दुःख नुसतं ऐकून घेणं त्यांना सोसत नाही. शिवाय घरातलं बोलणं मावशीपर्यंत जातं आणि मावशीकडून माझ्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत. काउन्सेलरला माझं ऐकून रात्री तळमळावं लागत नाही, आणि तिच्यासाठी मला खोटं हसावं लागत नाही. तिचं परकेपणच माझ्या कामाचं आहे.

हे खूळ शहरातून आलं, असं आपल्याकडे म्हणतात. निदान मुळशीत तरी तसं म्हणायची सोय नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली ती याच तालुक्यातल्या डोंगरी गावांतून. पुढे राज्यभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यातल्या कितीतरी आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर मोबाइलवर ऐकता येतात. सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा राग, सगळं त्यांत आहे. माहेरी सांगितलं तर आई झोपायची नाही, सासरी सांगितलं तर भांडण व्हायचं. म्हणून बाईने पहाटे जात्याला सांगितलं. जातं रडलं नाही, उपदेश केला नाही, चार घरी बोललं नाही. ओव्यांमध्ये त्याला ईश्वर म्हटलेलं सापडतं, ते मला आता कळतं. आईचा अपमान केला, असं कुणी त्या बायकांना म्हणालं असेल का?

जात्यावर बसलं की ओवी सुचते, अशी म्हण आहे. काउन्सेलरच्या खोलीतही तसंच होतं. मी गेले होते परीक्षेच्या भीतीचं बोलायला. विसाव्या मिनिटाला मी बोलत होते, जमीन विकल्यावर आमच्या घरात जी शांतता पडली तिच्याबद्दल. हे बोलायचं आहे, हे मला जिना चढताना माहीतही नव्हतं.

फरक आहेच. जातं उलटा प्रश्न विचारत नाही, काउन्सेलर विचारते. शिवाय ती पूर्ण मुकी नसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. तो कायदा मानसोपचारतज्ज्ञ आणि नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगैरेंना बांधतो. कॉलेजच्या काउन्सेलरला बांधते ती मुख्यतः तिच्या पेशाची नीती. पण दोन्हीकडे एक अपवाद आहे: जिवाला धोका असेल तर गुपित गुपित राहत नाही. माझ्या काउन्सेलरने हे पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मला त्याचा आधारच वाटला. म्हणजे घरच्यांसाठी दार कायमचं बंद झालेलं नाही.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. ओवीने दुःख हलकं झालं, सासुरवास हटला नाही. बाई मोकळी झाली आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा दळायला बसली. कॉलेजातली ती खोलीही तशीच होऊ शकते. न परवडणारी फी, रॅगिंग, जातीवरून टोमणे, वर्गात सगळ्यांसमोर होणारा पाणउतारा, या सगळ्याला ‘तुझा स्ट्रेस’ असं नाव देऊन श्वासाचे व्यायाम शिकवायचे. मग ती खोली कुकरची शिट्टी होते. वाफ जाते, खालचा गॅस चालूच.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वं मला महत्त्वाची वाटतात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा, असं त्यांत आहे. पण त्याचबरोबर, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत त्यांना लाजवू नका, हेही आहे. एक खोली उघडा आणि गॅसही कमी करा. यातलं पहिलं करून दुसरं टाळणाऱ्या संस्थेने ‘आमच्याकडे काउन्सेलर आहे’ असं मिरवू नये. आणि जिथे खोलीच नाही, किंवा रात्रीचे दोन वाजले आहेत, तिथे १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

मग आईचं देणं काय? मला वाटतं, माझा प्रत्येक शब्द मी तिला देणं लागत नाही. ‘मला बरं वाटत नाहीये आणि मी त्यासाठी काहीतरी करतेय’ एवढं मात्र लागते. तेवढं लपवलं तर तो खरंच परकेपणा होईल.

आणि घरच्यांनी काय करायचं? जातं एकटीने ओढायला जड जातं. म्हणून समोर दुसरी बसते आणि खुंट्याला हात लावते. ओवी कुणाबद्दल आहे, असं ती मध्येच थांबवून विचारत नाही. बसभाडं देणं, गुरुवारचं जेवण झाकून ठेवणं, ‘आज काय बोललीस?’ हे न विचारणं, हा सगळा खुंट्याला लावलेला हातच आहे. दळण त्यानेच हलकं होतं.