चुकलेल्या सुराचे काय करावे?

रामदासपेठेत आता इस्पितळे इतकी झाली आहेत की तेथे राहून शांततेची अपेक्षा धरणे हा आप्पलपोटेपणाच ठरावा. सेंट्रल बझार रोडपासून आत दोन वळणांवर आमचे एक स्नेही राहतात. त्यांच्या दिवाणखान्यात महिन्यातील एका रविवारी सायंकाळी पाच-सहा मंडळी जमून जॅझ ऐकतात आणि त्यांत आम्हीही असतो. ऐकता ऐकता मध्येच रुग्णवाहिकेचा भोंगा येतो. वैशाख असेल तर कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास असतो. स्नेह्यांचे नियम दोनच. वादन चालू असताना बोलावयाचे नाही, आणि तबकडीवरची सुई मध्येच उचलावयाची नाही. प्रत्यक्ष मैफिलीत जे थांबवता आले नसते ते येथेही थांबवू नये, असे त्यांचे म्हणणे. प्रारंभी आम्हांस हा निव्वळ हट्ट वाटला होता.

जॅझ हे परके संगीत आहे, त्याचे आपल्याला काय, असे कोणी वाचक म्हणतील तर ते पूर्णांशाने खरे नाही. पोर्तुगीज अमदानीतील गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली कितीतरी मुले पुढे पोटासाठी मुंबईस आली आणि तेथील हॉटेलांत जॅझ वाजवू लागली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. चिक चॉकलेट या नावाने ते ट्रम्पेट वाजवीत, आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांत जो पाश्चात्त्य ठेका खेळतो त्याच्यामागे या मंडळींचा मोठा हात आहे. 1951 च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. आणि हे सी. रामचंद्र, म्हणजे आपले राम चितळकर, लहानपणी याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी गाणे शिकलेले. वसंतराव देशपांडेही त्याच गुरूचे शिष्य. तेव्हा रामदासपेठेत बसून जॅझ ऐकणाऱ्याने फार संकोच करण्याचे कारण नाही. खंत एवढीच की चिक चॉकलेट यांच्या थोड्या तबकड्या उरल्या असल्या, तरी हॉटेलातल्या त्या रात्री, ज्या त्यांच्या खऱ्या मैफिली, त्या वाजल्या आणि विरल्या.

मैफिलीतील जॅझची रीत आपल्या श्रोत्याला समजण्यास अवघड नाही. बहुधा बारा किंवा बत्तीस मात्राखंडांचे एक आवर्तन असते. आरंभी सर्वांनी मिळून मूळ चाल वाजवावयाची, मग एकेकाने त्या आवर्तनाच्या चौकटीत स्वतःची उपज करावयाची, आणि शेवटी पुन्हा मूळ चालीवर यावयाचे. चौकट ठरलेली, आतले काहीच ठरलेले नाही. एक जण पुढे असताना बाकीचे स्वस्थ बसत नाहीत. पियानोवाला त्याच्याखाली स्वरसंगती घालीत असतो, ड्रमवाला त्याच्या वाक्याला पूर्णविराम देत असतो. तो पुढच्या क्षणी कोठे वळणार हे यांना ठाऊक नसते, त्यालाही नसते. म्हणूनच या संगीतात चूक होण्याची शक्यता प्रत्येक क्षणी उभी असते, आणि झालेली चूक खोडता येत नाही. लेखकाला खोडरबर आहे, चित्रकाराला पुन्हा रंग लावता येतो. मैफिलीत वाजलेला सूर वाजला.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात काळाचे कोडे उलगडताना पाठ असलेले स्तोत्र म्हणण्याचा दाखला घेतला आहे. म्हणून झालेला भाग स्मृतीत जातो, उरलेला अपेक्षेत असतो, आणि म्हणणाऱ्याचे अवधान अपेक्षेतले एकेक अक्षर स्मृतीकडे लोटीत राहते. हा दाखला किती खोल आहे हे आम्हांस त्या दिवाणखान्यात कळले. मात्र ऑगस्टीन यांचे स्तोत्र पाठ असलेले आहे. जे पाठ नाही, जे म्हणता म्हणताच घडते आहे, त्यात चूक झाली तर काय? स्मृतीत गेलेला सूर बदलता येत नाही, हे खरे. पण पुढे येणारा सूर त्याचा अर्थ बदलू शकतो. गद्यात वाक्य संपेपर्यंत पहिल्या शब्दाचा अर्थ पक्का होत नाही, तसेच हे आहे.

एला फिट्झजेरल्ड यांच्या बर्लिन येथील मैफिलीची तबकडी प्रसिद्धच आहे. 13 फेब्रुवारी 1960 ची रात्र, समोर हजारो श्रोते. ‘मॅक द नाइफ’ हे गाणे मूळचे बर्लिनचेच. 1928 साली तेथल्याच रंगभूमीवर ते प्रथम गायिले गेले. सुरुवातीलाच बाई म्हणतात की शब्द सगळे आठवतील अशी आशा आहे. आणि मध्यावर शब्द खरोखरच हरवतात. एखाद्या गायिकेने तोंडावर हात धरला असता, किंवा वाद्यवृंदाला खूण करून शेवट उरकला असता. एला थांबत नाहीत. आपण विसरलो आहोत हेच त्या गाण्याच्या चालीत सांगतात. हेच गाणे आधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांची नावे त्यात गुंफतात, आर्मस्ट्राँग यांच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करतात, आणि हे करीत असताना लय तसूभर ढळत नाही. मागे पॉल स्मिथ यांचा पियानो आणि त्यांचे साथीदार जणू काही घडलेच नाही असे चालत राहतात. या तबकडीला दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. चुकीचे असे कौतुक ऐकून तयारीविना व्यासपीठावर चढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि गबाळेपणाला उत्स्फूर्ततेचे नाव देण्यात त्यांना संकोच वाटत नाही. एला यांचे शब्द हरवले. सूर हरवला नाही, ताल हरवला नाही, आवर्तनातील जागा हरवली नाही. पंचवीस वर्षांची मेहनत त्या क्षणी त्यांच्या पाठीशी उभी होती. ज्याने घर बांधलेच नाही, त्याची भिंत पडली असे म्हणता येत नाही.

पण चूक करणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारच्याचा प्रश्न आम्हांस अधिक कठीण वाटतो. पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांनी स्टुटगार्ट येथील एका मैफिलीची आठवण अनेकदा सांगितली आहे. माइल्स डेव्हिस यांचे ट्रम्पेट ऐन रंगात आले असताना तरुण हॅनकॉक यांच्या हातून साफ चुकीची स्वरसंगती वाजली. डेव्हिस क्षणभर थांबले आणि मग त्यांनी असे सूर काढले की ती चुकीची स्वरसंगतीच बरोबर ठरली. डेव्हिस यांनी ती चूक म्हणून ऐकलीच नाही, घडलेली एक गोष्ट म्हणून ऐकली, असे हॅनकॉक यांचे सांगणे आहे. आपल्या मैफिलीतही हे घडते. गायकाची सम हुकली तर जाणता तबलजी ठेका दाणकन आपटून त्याला उघडा पाडीत नाही; हलकेच एक बोल वजनदार करून जागा दाखवतो. पुढच्या रांगेतल्या चार जाणकारांना ते कळते, आणि त्यांतले शहाणे असतील ते मान हलवीत नाहीत.

हा विषय आमच्या मंडळीत एकदा भांडणापर्यंत गेला. निमित्त झाले ड्यूक एलिंग्टन यांच्या न्यूपोर्ट येथील मैफिलीचे. 7 जुलै 1956 च्या त्या रात्री एलिंग्टन यांचा वाद्यवृंद मध्यरात्रीच्या सुमारास आपली दोन जुनी गीते जोडून वाजवीत होता आणि दोहोंमधला पूल पॉल गोन्साल्विस यांच्या सॅक्सोफोनवर सोपवला होता. (आडनाव आपल्या वाचकांच्या ओळखीचे आहे, त्यांचे घराणे मात्र गोव्याचे नव्हे, केप व्हर्दचे, म्हणजे तेही एके काळच्या पोर्तुगीज वसाहतीचे.) गोन्साल्विस यांनी बारा मात्राखंडांची एकामागून एक सत्तावीस आवर्तने वाजवली. काळ्या पोशाखातील एक स्त्री उठून नाचू लागली आणि पाहता पाहता सारा समुदाय उभा राहिला. एलिंग्टन यांचे दिवस सरले, असे म्हणणाऱ्यांची तोंडे त्या रात्रीने बंद केली.

मात्र त्याच वर्षी निघालेली तबकडी ही पुरती त्या रात्रीची नव्हती. नव्या रचनेचा सराव अपुरा पडला होता, म्हणून एलिंग्टन यांनी बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला, आणि त्यावर टाळ्यांचे आवाज चढवण्यात आले. गोन्साल्विस यांची सत्तावीस आवर्तने खरी होती. पण ते भलत्याच मायक्रोफोनसमोर उभे राहून वाजवीत होते. तो मायक्रोफोन व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीचा होता. तबकडी काढणाऱ्यांच्या मायक्रोफोनात त्यांचा सूर दूरचा, पडद्याआडून आल्यासारखा उतरला, आणि चाळीसहून अधिक वर्षे जगाने तो तसाच ऐकला. पुढे नभोवाणीच्या फिती सापडल्या, दोन्ही ध्वनिमुद्रणे जुळवण्यात आली, आणि 1999 साली ती मैफल संपूर्ण रूपात प्रसिद्ध झाली.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की रसिकाला उत्तम तेच द्यावे. अपुरा सराव बाजारात का मांडावा? दुसऱ्याच्या मते मैफल म्हणून स्टुडिओ विकणे ही सरळ फसवणूक. आमचे मत या दोघांनाही रुचले नाही. पुन्हा वाजवणे हे पाप नाही. सुताराने हलणारा पाट पुन्हा ठोकावा तसे ते आहे. खोटेपण आहे ते टाळ्यांत. जे तेथे नव्हते त्यांना तेथे बसवले आणि जे तेथे घडले ते उठवून लावले. उलट 1999 च्या दुरुस्तीत एकही सूर बदललेला नाही. गोन्साल्विस जेथे प्रत्यक्ष उभे होते तेथे जाऊन त्यांना ऐकले, एवढेच. भलत्या जागी उभे राहिल्याची चूक तशीच आहे. बदलली ती ऐकणाऱ्याची जागा. दुरुस्तीचे हे दोन प्रकार आम्हांस तेव्हापासून निरनिराळे दिसू लागले आहेत, आणि ते केवळ संगीतातच दिसतात असे नाही.

एक जुनी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका चर्चच्या गायकवृंदाची जबाबदारी आमच्याकडे होती. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरविधीत एका स्तोत्राची कडवी चौदा वर्षांच्या एका मुलाकडे दिली होती. आवाज निर्मळ, घरी कोणी गाणारे नाही, तरी दोन महिने नेमाने सरावास येत होता. त्या रात्री दुसरे कडवे झाल्यावर तो एकदम चौथ्यावर गेला, तेही चढ्या सुरात. ऑर्गनवर आम्हीच होतो. त्याच्या सुरावर जाणे आम्हांस शक्य होते. चार पट्ट्या सरकण्याचे काम. आम्ही हात वर केला, त्याला थांबवले, पहिला सूर पुन्हा दिला आणि प्रारंभापासून म्हणावयास लावले. त्याने म्हटले. अगदी बिनचूक म्हटले. मिस्सानंतर पुष्कळांनी आमच्या शिस्तीची वाखाणणी केली. ज्या रात्री आदामाच्या पापालाही धन्य मानणारे घोषणागीत आम्हीच गायिले होते, त्या रात्री एका मुलाचे एक कडवे आम्हांस सोसवले नाही. पुढच्या सरावाला तो आला नाही. आवाज फुटला आहे, असे घरच्यांनी कळवले. ते सोयीचे होते, म्हणून आम्ही मान्य केले.

तो मुलगा आता रामदासपेठेतल्याच एका इस्पितळात तंत्रज्ञ आहे आणि आमच्या स्नेह्यांच्या शेजारी राहतो. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी रात्रपाळीला जाण्यापूर्वी तो गणवेशातच आला आणि दाराशी बसला. बर्लिनचीच तबकडी लागली होती. एला विसरल्या तशी मंडळी नेहमीप्रमाणे हसली. तो हसला नाही. वादन संपल्यावर त्याने विचारले,

“मागच्यांपैकी कोणी त्यांना थांबवलं नाही?”

“नाही,” स्नेही म्हणाले. “ते वाजवत राहिले.”

त्याने घड्याळ पाहिले आणि उठला. आम्ही त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेलो. इतकी वर्षे मनात रचलेली वाक्ये होती. त्यांतले एकच तोंडून निघाले. “त्या रात्री चूक आमची होती.”

“कोणत्या रात्री, सर?” असे म्हणून त्याने हेल्मेट डोक्यावर चढवले. चेहऱ्यावरून काही कळावे इतका उजेड तेथे नव्हता. “पुढल्या महिन्यातही असतं ना हे? येईन मी.” स्कूटर सुरू झाली आणि वळणावरून मुख्य रस्त्याला लागली.