शरणपूर, जलालपूर आणि रेल्वेचा डबा

१८५७ सालच्या पहिल्या काही महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी गर्दी जमत असे. एका बाजूला विष्णुबावा ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजूला जॉर्ज बोवेन आणि इतर मिशनरी. वेद खरे की बायबल, हा वादाचा विषय. बोवेन यांनी या वादांचा वृत्तांत पुढे छापूनही काढला. अशा सभांची चटक मुंबईला पंचवीसएक वर्षे आधीच लागली होती. मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा वाद १८३१ मधला. मराठी गद्याला या धुमश्चक्रीचा फायदा झाला, हे कबूल करायला हवे. खंडन, मंडन, आक्षेप, उत्तर यांची धार मराठीला बऱ्याच अंशी तिथे लागली. पण वादात हरलेला माणूस घरी जाऊन आपला धर्म बदलतो, असे सहसा घडत नाही. तो घरी जाऊन नवे मुद्दे शोधतो.

त्या काळात ख्रिस्ती श्रद्धा सांगायची म्हणजे समोरच्याची श्रद्धा आधी मोडून काढायची, असाच रिवाज होता. हा रिवाज महाराष्ट्रात कसा मागे पडला आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने घेतली, याचा माग काढायचा तर मुंबई सोडून नाशिकला यावे लागते.

नाशिकचा शरणपूर रोड आज दुकाने, दवाखाने आणि रहदारी यांनी गजबजलेला आहे. पत्ता सांगताना हे नाव रोज घेणाऱ्या किती नाशिककरांना त्यामागची वस्ती ठाऊक असेल, याची शंकाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती लोकांसाठी गाव वसवले. रेव्हरंड विल्यम प्राइस यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. धर्म बदलल्यावर ज्यांचे घर, जात आणि धंदा तिन्ही एका दिवसात जात, त्यांना उभे राहायला जमीन हवी होती. १८६० नंतर या वस्तीत आफ्रिकन मुले येऊ लागली. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने गुलामांची गलबते पकडली की त्यांतली सुटलेली मुले मुंबईमार्गे नाशिकला पाठवली जात. इथे ती लिहा-वाचायला आणि सुतारकी, लोहारकी यांसारखी कामे शिकत.

यातलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मे १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांत तो होता. लिव्हिंग्स्टनचे हृदय तिथे एका झाडाखाली पुरले, तेव्हा प्रार्थना वाचणारा आणि झाडावर नाव-तारीख कोरणारा वेनराइटच होता. मग ते सगळे सोबती मृतदेह घेऊन कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत गेले. वाटेत देह टाकून देण्यासाठी शंभर सबबी मिळाल्या असत्या. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता. शरणपूरचाच विल्यम जोन्स पुढे केनियात धर्मगुरू झाला. रबाई इथल्या मिशनमध्ये पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळाला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. मालक चिडले, प्रकरण पेटले आणि अखेर १८८९ च्या सुरुवातीला चौदाशेवर माणसांची मोबदला देऊन सुटका झाली.

या मुलांनी कोणाशी वाद घातल्याची नोंद नाही. त्यांची श्रद्धा दिसते ती दिलेल्या शब्दाला जागण्यात आणि दार उघडे ठेवण्यात. पण याचा मराठी मनावर परिणाम झाला नाही, कारण ही गोष्ट मराठीत कोणी सांगितलीच नाही. ज्यांनी ती जगून दाखवली ते आफ्रिकेत निघून गेले. नाशिकला उरले फक्त रस्त्याचे नाव.

मराठीत दुसरी गोष्ट सांगितली गेली. ती सुरू होते नाशिकजवळच्या जलालपूरला, एका कर्मठ ब्राह्मण घरात.

लक्ष्मीबाई टिळक, माहेरच्या मनकर्णिका गोखले, यांचा जन्म १८६८ चा. त्यांच्या आईचे वडील त्र्यंबकेश्वरचे जोगळेकर. १८५७ च्या बंडात त्यांना फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे इतके विकोपाला गेले की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मिठासारखी पाण्यात विरघळणारी वस्तूही त्यातून सुटत नसे. घरच्यांनी ते सोसले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे येते ते हसवत हसवत, पण वडिलांची टवाळी न करता. एका भेदरलेल्या माणसाने स्वतःभोवती घातलेले ते कुंपण होते, हे लेकीने ओळखले होते.

नारायण वामन टिळक कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. आई गेल्यावर घर सोडून हा मुलगा नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. १८८० च्या सुमारास त्याचे मनकर्णिकेशी लग्न झाले. टिळक शीघ्रकवी, वक्ते, तापट आणि कमालीचे उदार होते. हातातला पैसा कोणाला देऊन टाकतील याचा नेम नव्हता. संसार करणाऱ्या बाईला हे उदारपण किती महाग पडते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे पानोपानी लिहिले.

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एक अनोळखी युरोपियन भेटला. त्याने या तरुण ब्राह्मणाला बसायला जागा करून दिली आणि संस्कृत काव्याबद्दल जाणकारीने, आदराने बोलू लागला. मग ख्रिस्ताबद्दल काही सांगितले, वाचायला बायबल दिले आणि टिळक दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती होतील, असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत वेडगळ वाटले. पुस्तक मात्र त्यांनी उघडले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. तो प्रवासी कोण होता, हे टिळकांना कधीच कळले नाही.

समुद्रकिनाऱ्यावरच्या सभांना छत्तीस वर्षे झाली होती. त्या सभांनी जे साधले नाही ते इथे घडले. समोरच्याच्या घरातली संपत्ती आधी मान्य करून मग आपले पुढे ठेवायचे, एवढाच फरक. तेही पुढे ठेवायचे आणि स्टेशन आले की उतरून जायचे, निकाल बघायला थांबायचे नाही. श्रद्धेबद्दल बोलताना हा भाग सगळ्यांत अवघड असावा.

एवढे सौम्य बोलणे ज्याच्या वाट्याला आले, त्या माणसाने स्वतःच्या बायकोला मात्र नीट सांगितले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर बातमी येऊन आदळली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातलगांनी त्यांना सांभाळले आणि पंढरपूरला नेले. कविता कधी न लिहिलेल्या या बाईने त्या दुःखात पहिल्यांदा ओळी जुळवल्या. दोघांची ताटातूट काही वर्षे चालली. टिळकांच्या चरित्रात या पर्वाला धर्मांतराचा त्याग म्हणतात. त्यागाचा मोठा हिस्सा कोणी भरला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याशिवाय समजत नाही.

लक्ष्मीबाई अखेर नगरला नवऱ्याकडे आल्या त्या स्वतःचा धर्म घेऊन. सोवळे वेगळे, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी हे सारे मान्य केले. इथे ते खरे शिकले असे म्हणता येईल. हजारोंच्या सभा गाजवणारा हा वक्ता घरात गप्प राहायला शिकला.

पुढे राहुरीला असताना एका रात्री लक्ष्मीबाई जातीचा विचार करत पडल्या होत्या. देवाने माणसे केली, मग या पायऱ्या कोणी केल्या? उत्तर त्यांचे त्यांनाच सापडले आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवून टाकले. टिळकांना ते ऐकून धक्काच बसला. बाप्तिस्मा झाला तो यानंतर, १९०० मध्ये. क्रम बघण्यासारखा आहे. आधी पाण्याचा माठ खुला झाला, पंथाचे नाव त्यानंतर आले. किनाऱ्यावरचे वादपटू नेमके उलट टोकाकडून सुरुवात करत.

यानंतरची वीस वर्षे टिळकांची लेखणी वेगळ्याच दिशेने गेली. विलायती चालींवर बेतलेली गाणी देवळात म्हणणाऱ्या मराठी ख्रिस्ती लोकांना त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची शेकडो भजने दिली. १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून पाहिले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. जुने घर पाडून नवे बांधले, असे त्यांना कधी वाटले नाही. कोणी म्हणेल, अशा गोड बोलण्यात प्रचाराचा डाव असतो. ही शंका तेव्हाही होती, आजही आहे, आणि ती नुसती झटकून टाकण्यासारखी नाही. ती तपासायची तर वागणुकीकडे बघावे लागते.

१९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळवली. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. तो तिथे मुलासारखा राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याचे हट्ट पुरवले, कविता ऐकल्या, रागेही भरल्या. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा टिळकांच्या घरी पोटचे पोर गेल्यासारखे झाले. डाव असता तर तो इथे साधायला भरपूर वेळ मिळाला होता.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. चर्चच्या शिस्तीत हे बसणारे नव्हते. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबाराला आकार येण्याआधीच तो विरला. संस्था म्हणून तो फसला, असेच म्हणावे लागेल.

टिकली ती लक्ष्मीबाईंची कामगिरी. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिले होते. त्यात त्यांनी स्वतःचे ६४ अध्याय घालून ते पुरे केले. शाळेत कधी न गेलेल्या या बाई १९३३ मध्ये नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. आयुष्याची शेवटची वर्षे नाशिकला गेली. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने येऊ लागले आणि १९३६ मध्ये नाशिकलाच त्यांचा अंत झाला. धर्मांतर हा ज्या आत्मचरित्राचा कणा आहे, ते हिंदू घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आवडीने वाचले जावे, ही साधी गोष्ट नाही. कारण त्यात कोणाला हरवलेले नाही. सोवळ्यातले वडील, तापट नवरा, बुजऱ्या मिशनरी मडमा आणि खुद्द लक्ष्मीबाई यांना एकाच तराजूत तोलले आहे. वाचकाने आपल्या बाजूला यावे म्हणून ओढाताण नाही. डब्यातल्या त्या प्रवाशाची रीत चाळीस वर्षांनी मराठी गद्यात अशी उतरली.

मात्र या कथेला एक मोठी पोकळी आहे. नगर-नाशिक भागातले बहुसंख्य ख्रिस्ती टिळकांसारख्या घरांतून आलेले नव्हते. ते महार आणि मांग समाजांतून आले. संस्कृत काव्यावर आदराने बोलणारा कोणी त्यांना डब्यात भेटला नाही. त्यांना मिळाली ती शाळा आणि दुष्काळातली भाकरी, कधी नुसते नावाने हाक मारणारे माणूस. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली नाहीत, निदान तितकी वाचली तरी गेली नाहीत. लक्ष्मीबाईंना राहुरीच्या रात्री सुचलेला प्रश्न या माणसांनी जन्मभर अंगावर वागवला होता.

सौम्य बोलणे आणि गप्प बसणे यांत गल्लत होते ती याच ठिकाणी. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या उदाहरणाने ती दूर व्हायला हरकत नाही. ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि हरित वसईच्या लढ्यातले कार्यकर्ते असलेले दिब्रिटो जानेवारी २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. त्यांनी विरोधकांना दूषणे दिली नाहीत. आजारी असूनही ते व्यासपीठावर आले, मराठीबद्दल बोलले आणि लेखकाने अन्यायासमोर मुकाट बसू नये, हेही स्वच्छ सांगितले. आवाज खालच्या पट्टीत होता, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही.

दलित ख्रिस्ती लोकांवरच्या अन्यायाचा मुद्दा मात्र कागदावरच पडून आहे. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून ते बाहेर राहिले. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती लोकांचा नाही. सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत, आणि २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोग नेमला. धर्म बदलला तरी गावाने जात बदलू दिली का, हे आता भजनाने किंवा आत्मचरित्राने ठरणार नाही. त्यासाठी वाड्यावस्त्यांवर जाऊन कोण कोणाच्या विहिरीवर पाणी भरते, ते विचारावे लागेल.