मध्यरात्रीपूर्वीचे तेल

पश्चिम रेल्वेच्या मार्गावर बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामध्ये वाणगाव वसले आहे. मिरचीच्या मळ्यांचा हा परिसर पाहणाऱ्याला निर्धास्त वाटतो. परंतु जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, किनाऱ्यावर १९६९ साली सुरू झालेले अणुविद्युत केंद्र आहे, आणि डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांनी गावपाड्यांची झोप उडवली. अशा ठिकाणी संकटाची पूर्वतयारी करावी असे कोणी सुचविले, की आपल्या श्रद्धावंत घरांतून एक उत्तर हमखास ऐकू येते : ‘देव आहे ना! त्याच्या इच्छेशिवाय आपला केसही वाकडा व्हायचा नाही.’

हे उत्तर आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची प्रार्थना आहे. पण ही श्रद्धा आहे, की श्रद्धेचे नाव घेतलेला आळस, हे आपण प्रामाणिकपणे तपासून पाहिले पाहिजे.

सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती ही समजूत प्रभू येशूने स्पष्टपणे नाकारली. म्हणजे संकट हा पापाचा हिशेब नव्हे, आणि ते टळणे हे पुण्याचे प्रमाणपत्रही नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्याचा मोहही प्रभूने झिडकारला. देव झेलील म्हणून धोक्याकडे डोळेझाक करणे ही देवाची परीक्षा पाहणे आहे. उलट मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठी धान्य साठविले. त्याची ती कोठारे अविश्वासाची खूण होती असे कोण म्हणेल?

श्रद्धेने धैर्य येते. मात्र कोणत्या वेळी काय करावे याचे ज्ञान ज्याचे त्यालाच मिळवावे लागते. आपल्या या परिसरात तर ते अधिकच गरजेचे आहे, कारण येथील संकटे परस्परविरुद्ध वागणूक मागतात. भूकंपात हादरे चालू असताना भक्कम टेबलाखाली आसरा घ्यावा आणि ते थांबल्यावर मोकळ्यावर यावे. किरणोत्साराचा इशारा मिळाला तर उलट घरातच थांबावे, दारे-खिडक्या बंद कराव्यात, आणि आयोडीनची गोळी अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरच घ्यावी. विषारी वायूची गळती झाली आणि बाहेर पडणे भाग पडले, तर वाऱ्याच्या दिशेने न धावता वाऱ्याला आडवे जावे, नाकातोंडावर ओला कपडा धरावा. एकाच घरातील माणसाने आज बाहेर यायचे आणि उद्या आतच राहायचे, हा विवेक ऐन घटकेला सुचत नाही.

भोपाळने हे फार मोठ्या किमतीला शिकविले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री झोपेतून उठलेली माणसे जीव घेऊन धावली. धावताना श्वास वाढला आणि श्वासाबरोबर विषही अधिक गेले. कारखान्यात काय साठविले आहे हे शेजारच्या वस्तीला कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, आणि धोक्याची माहिती कामगारांबरोबर आसपासच्या जनतेलाही देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणही आले. कायदा आहे, आराखडेही आहेत. पण कपाटातला आराखडा पाड्यावरच्या म्हातारीला ठाऊक नसेल, तर तिच्यापुरता तो नाहीच.

१ फेब्रुवारी २०१९ रोजी डहाणू तालुक्यात धक्के बसले तेव्हा घाबरून बाहेर पळताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. ती घराखाली गाडली गेली नव्हती, धावपळीत गेली. तिचा विचार मनात आला की दहा कुमारींच्या दाखल्यातील एक जागा आम्हांला बेचैन करते. मध्यरात्री वर आल्याची हाक उठली, तेव्हा शहाण्या कुमारींनी मूर्ख कुमारींना तेल दिले नाही. लहानपणापासून आम्हांला त्या कठोर वाटत आल्या. आता उमगते की त्या घटकेला त्यांना ते देणे शक्यच नव्हते. तयारी ऐन वेळी उसनी देता येत नाही. परंतु तीच संध्याकाळ त्या सर्वांनी एकत्र घालविली होती. ‘तुझ्या भांड्यात तेल आहे का?’ एवढे एकीने दुसरीला विचारले असते तर?

आमच्या मते पूर्वतयारीचा नैतिक प्रश्न येथेच आहे. स्वतःच्या घरापुरते तेल भरून ठेवणारा शहाणा खरा, पण शेजारधर्म त्याने अजून पाळलेला नाही. आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेले कोण, एकटी राहणारी विधवा कोण, बाळंतीण कोण? चाळीत भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराला आपली भाषा कळते का? वारली पाड्यावर भोंग्याचा आवाज पोहोचतो का? त्यांना हात धरून नेणारा माणूस आजच नेमला आहे का? ही यादी करायला मोठा निधी लागत नाही. रविवारच्या मिस्सेनंतरचा एक तास आणि चार तरुण पुरेत. मात्र ती यादी आपल्या नोंदवहीतील कुटुंबांशी थांबू नये. विषारी वारा कोणाचा बाप्तिस्मा विचारून येत नाही, आणि दाखल्यातल्या शोमरोनीनेही जखमी माणसाचा धर्म विचारला नव्हता.

देवावर भार टाकावा, अवश्य टाकावा. पण जे त्याने आपल्या हाती दिले आहे, ते परत त्याच्याच माथी मारू नये. रात्रीची प्रार्थना संपली की कंदील वा विजेरी, औषधे आणि शेजाऱ्याच्या घराची वाट, एवढे एकदा पाहून घ्यावे आणि मग शांत झोपावे.