ऐकणे आणि पाळत

समाजमाध्यमांवरील चर्चा टिपणारे साधन फुकटचे घ्यावे की विकतचे, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो; मुळात तो नीतीचा आहे. चेंबूरच्या टिळकनगरातील एखाद्या गणेशोत्सव मंडळाला देखाव्याविषयी लोक काय म्हणतात एवढेच हवे असेल, तर गूगल अलर्ट्सची मोफत सोय बऱ्यापैकी पुरते. मात्र इन्स्टाग्रामवरचे बोलणे तिच्या हाती फारसे लागत नाही. शिवाय फुकटच्या साधनावर हक्क सांगता येत नाही: ट्विटरने २०२३ मध्ये माहितीचा मोफत पुरवठा आखडला, मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये क्राउडटँगल हे आपले मोफत साधन बंदच केले. विकतची साधने जुन्या नोंदी, भावनेचा कल, बोलणाऱ्याचा प्रभाव असे बरेच काही मोजून देतात. मराठी टोमणा मात्र त्यांना अनेकदा कौतुकच वाटतो.

नीतीच्या या प्रश्नाला संतपरंपरेत उत्तर सापडते: तिने निंदकाला उपकारकर्ता मानले, कारण त्याच्या बोलण्याने ऐकणारा सुधारतो. तिथे महत्त्व बोलाला आहे, बोलणाऱ्याच्या ठावठिकाण्याला नाही. हीच कसोटी इथेही लागू पडते. काय बोलले गेले ते सांगणारे साधन ऐकण्यासाठी असते. कोण, कुठून, कितीदा बोलले याची वही ठेवणारे साधन पाळतीकडे झुकते, आणि ही वही बहुधा विकतच्या साधनांतच तपशीलवार असते. मुंबई पोलिसांनी २०१३ मध्ये समाजमाध्यमांवरील चर्चेवर नजर ठेवणारी सोशल मीडिया लॅब सुरू केली. तिच्यामागे निदान कायदा-सुव्यवस्थेची जबाबदारी होती. मंडळाकडे तीही नसते. केंद्र सरकारनेही समाजमाध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या सोशल मीडिया कम्युनिकेशन हबचा प्रस्ताव पाळतीच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मागे घेतला.